भिंतीसमोर माणूस थांबला पाहिजे
पहिल्यांदाच सार्वजनिक भिंत रंगवताय, तर ब्रश हातात घेण्याआधी तिच्यासमोर नुसतं उभं राहा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळीही. लोक कुठून येतात, किती अंतरावरून बघतात, कुठे रेंगाळतात, हे कळल्याशिवाय रेखाटन करू नका. लांबून दिसायला ठळक आकार हवेतच, पण माणसाला थांबवतो तो बारकावा. हाताच्या शिरा, ठिगळ लावलेला खिसा असं काही डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मुलांसाठी थोडं खालीही. आणि सगळी भिंत भरू नका. मोकळी जागा सोडायला धीर लागतो, पण बघणाऱ्याचं मन तिथेच विसावतं.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरांनी १९३२-३३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात २७ भागांचं भित्तिचित्र केलं. त्याआधी मोटार कारखान्यात जाऊन त्यांनी कामगारांची रेखाटनं केली होती. त्या वाकलेल्या पाठी खऱ्या वाटतात त्या म्हणूनच.

ओल आणि पोपडे आधी काढा, प्रायमर द्या. ते टाळता येत नाही.

रंगवताना कुणी 'हे काय आहे?' विचारलं, तर लगेच अर्थ सांगून मोकळे होऊ नका. 'तुम्हाला काय दिसतंय?' असं उलट विचारा. बहुतेक वेळा शेजारचा अनोळखी माणूसच उत्तर देतो आणि दोघांचं बोलणं सुरू होतं. तेव्हा तुम्ही मध्ये पडू नका, ऐका.