"माहीत नाही" म्हणणारा पोट्टा खोटं बोलत नसतो

"पहिले असा नव्हता जी हा मॅडम, दोन वर्षांत काय झालं याले कोण जाणे." हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते, गाव बदलतं, आई बदलते, वाक्य तेच. मी यवतमाळकडच्या एका तालुक्यात किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते. त्यातली ही एका पोराची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.

पोरगा दहावीतला, वय पंधरा. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरी बैलांची खांदशेकणी चालू होती, बाप हळद-लोण्यात गुंतलेले, आणि हा त्यांची गिअरची मोटारसायकल काढून तीन मित्रांसोबत नाल्यावर गेला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललं होतं. मित्र म्हणाले निघते का रे तुझी गाडी, आणि यानं घातली. मधात गाडी आडवी झाली, बाभळीची फांदी हाताला लागली म्हणून पोरगा वाचला, गाडी दोन दिवसांनी खाली गाळात सापडली. बापानं काठीनं मारलं, मारताना एकच प्रश्न, काहून गेला? याचं एकच उत्तर, माहीत नाही. त्या उत्तरापायीच जास्त मार बसला.

आणि पहिल्या भेटीत मीही तोच शहाणपणा केला, आईबापासमोर विचारलं, "बेटा, का गेलास?" तो अर्धा तास नखं खरडत बसला. इतक्या वर्षांनंतरही माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो, काय सांगू.

दुसऱ्या वेळी आईबाप बाहेर चहाला गेले. मी नाल्याचं नाव काढलं नाही, बैलांचं विचारलं, कोणता मारका, कोणता गरीब. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "मॅडम, पाणी किती आहे मले दिसत होतं ना. एकटा असतो त गेलोच नसतो."

आपल्याला वाटतं या पोरांना धोका समजत नाही, पण समजतो, पंधरा-सोळाचं पोरगं निवांत बसून बऱ्यापैकी मोठ्या माणसासारखा विचार करतं, ते गडबडतं मित्रांसमोर आणि गरम डोक्यात. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला, गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमचा, सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायचं. मित्र बघत असले की शाळकरी पोरं एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका घेत, चोवीस आणि त्यावरच्या माणसांना मात्र कोणी बघत असल्याचा फारसा फरक पडत नव्हता. त्याच देशात जे गीड नावाच्या मेंदू-संशोधकाच्या टीमनं १९९० च्या दशकापासून त्याच त्याच मुलांचे दर काही वर्षांनी मेंदूचे एमआरआय काढले, त्यातून कळत गेलं की कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, पुढचं बघ असं म्हणणारा, सगळ्यात शेवटी पक्का होतो, पार विशीच्या मध्यापर्यंत काम चालूच असतं. मजा, वाहवा, राग, भीती यांचा भाग मात्र वयात येतानाच जोरात सुरू होतो.

हे बापाला सांगितलं तर ते तडकले. "म्हणजे पंचविशीपर्यंत डोकं नाही, अन् गाडीचे पैसे म्या भरायचे?" बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, डोकं आहे, ज्याचा वापर होतो तो भाग पक्का होतो, मेंदूतले बिनवापराचे जोड गळतात, कपाशीची विरळणी करतो ना तसं. "शेती आम्हाले नका शिकवू मॅडम." मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, "नवा गोऱ्हा जुन्या बैलासंगं जुंपते, तसं म्हणता का तुम्ही?" मला इतक्या वर्षांत इतकं चांगलं सांगता आलं नव्हतं! गोऱ्ह्यात ताकद पहिले येते, जुवाची सवय मागून, म्हणून कोणी त्याला मोकळा सोडत नाही आणि मारून तर तो पार बिथरतो.

आईचं वेगळंच निघालं. पोरगा म्हणे माय सारखी चिडते, आणि माय रडत म्हणे, "म्या चिडली नव्हती रे, भेली होती." या वयात समोरच्याचा चेहरा वाचताना चुका जास्त होतात, तेव्हा भ्यालात तर भ्याले म्हणून तोंडानं सांगा. सकाळी उठत नाही ही तक्रार पण होतीच, झोप आणणारं मेलॅटोनिन या वयात उशिरा तयार होतं, सगळाच आळस नसतो, उशाखाली मोबाईल असला की मात्र आणखीच उशीर.

ठरवलं ते साधंच. गाडीची चाबी बापाच्या खिशात, त्यात सूट नाही, अठराच्या आत गिअरच्या गाडीचं लायसन मिळत नाही आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकून बापाचाच चेहरा उतरला. नुकसानीपायी पोरानं वेचणीच्या दिवसांत मोठ्या काकासोबत कापसाचा काटा आणि मजुरांचा हिशोब सांभाळायचा. आणि काहून हा शब्द मित्रांसमोर किंवा रागात काढायचा नाही, जेवण झाल्यावर, वावरात जाता जाता विचारायचं.

सगळंच वयावर ढकलू नका बरं, पोरगं आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो. आणि पोरींचाही मेंदू असाच असतो, पण पोरानं गाडी बुडवली तर त्याला माझ्याकडे आणतात, पोरीच्या मोबाईलमध्ये एक मेसेज सापडला की स्थळ बघायला लागतात, याची मला फार चीड येते.

दिवाळीनंतर आईचा फोन आला. हिशोब बरोबर ठेवते, दोन वेळा चुकला तर स्वतःच सांगतलं. मग आवाज बारीक केला, "मॅडम, खिशात खर्रा सापडला." म्हणजे तंबाखू घातलेली सुपारी. म्हटलं, मारलं का? "नाई जी. मित्र बसले होते ओट्यावर, म्हणून थांबलो. रात्री जेवल्यावर याच्या बाबानं इचारलं." काय म्हणाला? "पहिले माहीत नाही म्हणे. मंग म्हणे पानठेल्यावर सगळे खाते, मी नाई म्हटलं त हसते. दिवसाचे दोन खातो म्हणे." गुरुवारी घेऊन या म्हटलं.