गॅरेजवाला ‘सेट होईल’ म्हणतोय पण आवाज तसाच आहे, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडीचं पुढचं सस्पेन्शन करून घेतलं, साडेनऊ हजार मोजले, खड्ड्यात गेल्यावर खडखड तशीच येतीय आणि गॅरेजचा मालक म्हणतो ‘नवीन सामान आहे साहेब, चालवा, सेट होईल’. ते ‘सेट होईल’ वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

सेट होत नाही. शॉकअप म्हणजे काय विरजण लावलेलं दूध आहे का, सकाळपर्यंत आपोआप लागायला.

माझ्याकडं वॅगनआर आहे, 2014 ची, पेट्रोल. मी शिकवतो ती शाळा साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या वर, कासच्या वाटेला, त्यामुळं रोजचा घाट. 2021 च्या जुलैत 78 हजार किलोमीटरवर क्लच गेला, घाटातल्या गाडीचा तेवढाच टिकतो, त्याबद्दल तक्रार नाही. आमचे दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर, त्यांचा खडी-वाळूचा धंदा, दोन पिकअप. त्यांचं ठरलेलं एक गॅरेज आहे हायवेच्या पलीकडं. म्हणाले तिथंच टाक, आपला माणूस आहे. आणि वर हेही म्हणाले की बिल-बिल मागत बसू नको, उगं जीएसटी कशाला भरतोस. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दोन दिवसात गाडी मिळाली. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मजुरी धरून 7,400. यूपीआयने दिले. बिल म्हणून काय मिळालं तर क्लचच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर पेनाने ‘क्लच काम 7400’. गाडी लोण्यासारखी चालायला लागली, मी खूश, दाजी त्याहून खूश.

आठवडाभराने दारातल्या शहाबादीवर, गाडीच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला डाग दिसला. बायको म्हणाली एसीचं पाणी असेल. मीही तेच समजलो, पावसाचे दिवस, सगळंच ओलं. पण मी एसी लावलाच नव्हता. मग बोट लावून बघितलं. पाणी बोटावर राहत नाही, हे चिकट, मधासारखं, आणि वास असा की दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात जळक्या फटाक्यांचा येतो ना, गंधकाचा, तसला. हा वास एकदा ओळखून ठेवा. इंजिन ऑइलला तो नसतो, गिअर ऑइलला असतो. रात्री गाडीखाली बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला, सकाळी त्यावर तळहाताएवढा गोल.

गॅरेजला फोन केला. ‘साहेब, क्लच नवीन आहे, हजार किलोमीटर चालवा, सेट होईल.’ आता यात एक टक्का खरं आहे, म्हणून माणूस फसतो. नवीन प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, नीट बसायला काही दिवस लागतात, तोवर पेडल थोडं वेगळं लागतं. पण सेट व्हायचं म्हणून तेल गळत नाही. हे मला तेव्हा बोलायला सुचलं नाही.

तरी गेलो. पहिल्यांदा पोराने खालून प्रेशरने धुतलं आणि म्हणाला जुनं तेल होतं, आता बघा. दुसऱ्यांदा गेलो तर बाहेरून काळं सिलिकॉन फासून दिलं, अगदी शेंबडासारखं, चिखल तसाच ठेवून त्याच्यावरूनच. मी बाजूला उभा राहून बघतोय आणि मनात म्हणतोय त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. मास्तर आहे मी, रोज पोरांना सांगतो प्रश्न विचारा म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर दाखवायला पुण्याला गेलो. जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून, काही नाही, फक्त चौथ्या-पाचव्या गिअरला एक बारीक हूंऽऽ आवाज, रेडिओ लावला की ऐकू न येणारा. येताना मात्र तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागायचा. अर्ध्या घाटात तो आवाज दळणाच्या गिरणीसारखा झाला, तिसरा पडेना, मग दुसराही पडेना, मग खाडकन काहीतरी अडकलं आणि गाडी जागेवर. मागं ट्रक हॉर्न देतायत, बारीक पाऊस, आणि आई काळा चष्मा लावून कठड्याला टेकून उभी. पदराने चष्मा पुसत मला म्हणते, ‘दाजींना फोन कर, त्यांची वळख आहे.’ टोचन करायला पण कोणी तयार नाही, घाटात दोरी लावून ओढत नाहीत. शेवटी क्रेन. 4,500 रुपये साताऱ्यापर्यंत.

ह्यावेळी दाजींना न विचारता गोडोलीच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं टाकली. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि समोर गिअरबॉक्सचा ड्रेन नट, तेल काढायचा, तो खोलला. त्या गिअरबॉक्समध्ये दोन लिटरच्या आसपास तेल असायला पाहिजे. ट्रेमध्ये पडलं ते चहाच्या एका कपाएवढं, आणि त्यात चमकी. रांगोळीत घालतात तशी, बारीक रुपेरी. ती चमकी म्हणजे बेअरिंग. मिस्त्रींनी बोटावर घेऊन माझ्यापुढं धरली आणि काही बोलले नाहीत.

मग कारण दाखवलं. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, त्यासाठी दोन्ही बाजूच्या ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढाव्या लागतात. त्या शाफ्ट जिथं गिअरबॉक्समध्ये शिरतात तिथं ऑइल सील असतं, रबराची रिंग, आतल्या कडेला पातळ ओठ. शाफ्ट परत घालताना तिरपी दडपली की तो ओठ दुमडतो. माझ्या गाडीत दुमडला होता. जुनंच सील, सात वर्षांचं, कडक झालेलं, आणि घातलेलंही दांडगाईने. सीलची किंमत दीडशे-दोनशे रुपये. शहाणा मिस्त्री हे काम करताना दोन्ही सील न विचारता बदलतो. माझं बिल झालं 18,600, बेअरिंग आणि एक गिअर धरून. छापील बिल.

ते सील प्लास्टिकच्या पिशवीत घालून पहिल्या गॅरेजला गेलो. मालक म्हणाला आमच्याकडनं गेली तेव्हा गाडी ओके होती. मी पुठ्ठ्याचा फोटो काढला होता, सिलिकॉनचा काढला होता, तो म्हणाला ह्यावर आमचं नाव कुठं आहे. आणि आता ऐका, दाजी त्याच्या बाजूने. ‘तू घाटात हाफ क्लचवर, पेडल अर्धं दाबून, गाडी पिळतोस, तुझ्या चालवण्याने गेला गिअरबॉक्स.’ हे ते आजही म्हणतात, बारसं असो, वास्तुशांत असो, नवीन माणूस भेटला की पहिली हीच गोष्ट सांगतात. ग्राहक मंचात जाऊ का विचारलं तर म्हणाले बिल नाही तर तिथं कोण दारात उभं करणार. मी पण ऐकलं आणि गप्प बसलो.

तर ते चूक होतं. 2024 मध्ये आमच्याच शाळेतल्या एका पालकांनी, वकील आहेत, सहज बोलताना सांगितलं की यूपीआयची एन्ट्री, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, फोटो, दुसऱ्या मिस्त्रीने बिलावर लिहिलेलं कारण, हे सगळं पुरावा म्हणून देता येतं. पण तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. माझी मुदत गेलेली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, जिल्हा ग्राहक आयोगात (आपण मंच म्हणतो तोच) 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज दुसऱ्या गावात असलं तरी. आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून नोंद करा, फुकट आहे. आयोगातली तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरही करता येते.

तुमच्या आवाजाबद्दल, कारण विचारलंय तर सांगतो. लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारे खालचे दांडे, बदललेत का बघा. गाडी जॅकवर लटकती असताना आर्मचे बोल्ट फुल टाइट केले की गाडी खाली उतरवल्यावर त्यातला रबरी बुश पिळलेला राहतो, तो लवकर फाटतो. ते बोल्ट चाकं जमिनीवर, गाडीचं वजन आल्यावर शेवटचे कसायचे असतात, आणि बऱ्याच गॅरेजमधली पोरं हे करत नाहीत कारण खाली वाकून शिरावं लागतं. खडखडीला मात्र लिंक रॉड आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग आधी तपासा, पुष्कळदा खाली सगळं नवीन घालतात आणि तेच जुनं ठेवतात. गॅरेजला दुसऱ्यांदा जाताना मालकाला शेजारी बसवून त्याच खड्ड्यातून गाडी न्या. आवाज त्याने स्वतः ऐकला की ‘सेट होईल’ म्हणताना जीभ जरा अडखळते.

आणि जुने पार्ट मागून घ्या. देत नसेल तर बदललेच नाहीत असं समजा. (एखादा खरंच भंगारात टाकतो, पण तेवढ्यासाठी त्याला आधीच सांगून ठेवा.)

गाडी अजून त्याच्या ताब्यात असेल तर पैसे अडवून भांडू नका. केलेल्या कामाचे पैसे येईपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क 1872 च्या करार कायद्यात कलम 170 मध्ये दिलेला आहे. काम नीटच नाही तर हक्क कसला यावर तुम्ही वाद घालू शकाल, पण तोवर गाडी त्याच्या दारात पावसात उभी राहील. पैसे द्या आणि तिथंच मेसेज टाका की काम मान्य नाही, गाडी पाहिजे म्हणून देतोय.

सगळे गॅरेजवाले असे नसतात हे लिहायचं राहिलं. गोडोलीच्या त्या मिस्त्रींनी गेल्या वर्षी माझं ब्रेकचं काम केलं, दोन दिवसांनी स्वतः फोन केला की कॅलिपरचा एक बोल्ट परत बघायचाय, येऊन जा. गेलो, त्यांनी बघितला, घट्टच होता, चहा पाजला. आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे देव असंही नाही, तिथं फक्त छापील बिल मिळतं. पण तेच तर पाहिजे असतं.

बिल न मागणं म्हणजे आपुलकी नाही. दाजी, ही लिंक मी फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे म्हणून इथंच लिहितो. हाफ क्लचने प्लेट जळते, रिलीज बेअरिंग जातं. तेल जात नाही. ते सील अजून कपाटात आहे, पिशवीसकट, गौरीच्या जेवणाला येताना घेऊन येतो.