‘सो-कॉल्ड चेअरमन’ का दुखावले?

प्रश्न : गच्चीच्या गळतीबद्दल आमच्या सोसायटीतर्फे मी इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात ‘अवर सो-कॉल्ड चेअरमन’ असा उल्लेख केला. ‘ज्यांना आम्ही चेअरमन म्हणतो ते’ एवढंच मला म्हणायचं होतं. पत्राची प्रत वाचल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. माझं काय चुकलं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : शब्द फोडला तर तुम्ही म्हणता तोच अर्थ निघतो. ‘सो’ म्हणजे असा, ‘कॉल्ड’ म्हणजे म्हटलेला. आपला ‘तथाकथित’ही तसाच बनलाय, तथा आणि कथित मिळून. पण मराठीत ‘आमचे तथाकथित अध्यक्ष’ असं लिहायला तुमचा हात धजला असता का? माणसाच्या पदाआधी किंवा नात्याआधी ‘सो-कॉल्ड’ आलं की वाचणाऱ्याला ऐकू येतं, ‘लोक म्हणतात, मी मानत नाही’. बोलताना आपण ‘अध्यक्ष म्हणे!’ म्हणतो, त्यातल्या ‘म्हणे’ची धार या शब्दाला आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नौपाड्यात मामांकडे राहून मी कॉलेज केलं. वडील गावी होते, त्यामुळे मामा कागदोपत्री माझे पालक नव्हते. फी-माफीच्या अर्जात हे नेमकं सांगावं म्हणून मी लिहिलं, ‘माय सो-कॉल्ड गार्डियन’. मामांना इंग्रजी चांगलं येत होतं. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा पुसला आणि सही करून दिली. अर्थ मला कळला तो वर्षभरानंतर. माफी मागायला गेलो तर म्हणाले, “सही केली होती ना मी? मग झालं.” तिथे ‘माय अंकल, हू लुक्स आफ्टर मी’ एवढं पुरलं असतं.

वस्तूंच्या, घटनांच्या बाबतीत हा शब्द इतका बोचत नाही. नाव प्रचलित आहे पण शब्दशः खरं नाही, एवढंच तो सुचवतो. 1918 च्या साथीला ‘सो-कॉल्ड स्पॅनिश फ्लू’ म्हणतात ते यासाठीच. महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या वृत्तपत्रांवर लढणाऱ्या देशांसारखी युद्धकालीन बंधनं नव्हती, म्हणून साथीच्या बातम्या तिथून मोकळेपणी आल्या आणि नाव त्या देशाला चिकटलं. तुमच्या जवळचंच उदाहरण वाशीच्या ‘मिनी सीशोअर’चं. तिथे समोर समुद्र नाही, म्हणून ‘द सो-कॉल्ड मिनी सीशोअर’ लिहिलं तर कोणी रागावणार नाही. शास्त्रीय लेखनात तर नवी संज्ञा पहिल्यांदा आणताना तो निव्वळ ‘ज्याला असं म्हणतात’ या अर्थानेही येतो, शंका नसताना.

लिहिताना नामाआधी दोन शब्दांमध्ये जोडरेघ हवी. वाक्यात नंतर, ‘इट इज सो कॉल्ड बिकॉज’ असं आलं तर नको. आणि ‘सो-कॉल्ड’ लिहिल्यावर पुढच्या शब्दाला पुन्हा अवतरणचिन्हं लावू नका, शंका दोनदा होते.

पदाआधी काहीच लागत नाही. ‘अवर चेअरमन’ पुरे. ते एक विशेषण गाळून पत्राची नवी प्रत काढा आणि ती घेऊन स्वतः त्यांच्या घरी जा. चिठ्ठी किंवा व्हॉट्सअ‍ॅप नको. काय म्हणायचं होतं ते त्यांना मराठीत सांगा.