लॅटिन न येणाऱ्या मुलांना लॅटिनमधलेच व्याकरण

प्रश्न : मध्ययुगीन युरोपात शाळकरी मुलांच्या हाती लॅटिनमध्येच लिहिलेले लॅटिन व्याकरण देत असत, असे वाचनात आले. ज्याला ती भाषा येतच नाही, त्या मुलाला ते पुस्तक कळत तरी कसे असेल?

उत्तर : सुरुवातीला ते कळावे अशी फारशी अपेक्षाच नव्हती, आधी पाठ करायचे आणि अर्थ मागाहून लागत जाईल, असा एकंदर रिवाज होता. चौथ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या दोनातुसचे ‘आर्स मिनोर’ हे छोटेखानी व्याकरण हजाराहून अधिक वर्षे नवशिक्यांसाठी वापरात राहिले. ते सारे प्रश्नोत्तररूप आहे. ‘शब्दांच्या जाती किती?’ असे शिक्षकाने विचारावे, मुलाने ‘आठ’ म्हणून त्यांची नावे घडाघडा सांगावीत. पुढे ‘मागिस्तेर’ (शिक्षक) हे नाम घेऊन त्याचे लिंग, वचन सांगितले जाते आणि रूपे सुरू होतात : हिक मागिस्तेर, हुयुस मागिस्त्री, हुइक मागिस्त्रो. यातला ‘हिक’ म्हणजे वास्तविक ‘हा’. परंतु येथे त्याचे काम नामाचे लिंग आणि विभक्ती कानाला कळवणे एवढेच आहे. घोकंपट्टीला दिलेला हा आधार मला तरी चतुर वाटतो.

पुस्तक हाताळून इतके झिजे की युरोपातील छपाईचा प्रवर्तक गुटेनबर्ग याच्या काळात दोनातुसच्या छापील प्रती बहुधा टिकाऊ चर्मपत्रावरच काढल्या जात. तरीही त्यांचे आज मुख्यतः तुकडेच उरले आहेत, तेही इतर ग्रंथांच्या बांधणीत वापरले गेलेले.

मातृभाषेतून समजावण्याचा विचार अगदीच नवा नव्हता. इंग्लंडमधील एल्फ्रिक या मठवासीयाने इ. स. १००० च्या सुमारास लहान मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले होते. मात्र ११९९ च्या सुमारास अलेक्झांडर द व्हिल्दियू याने अडीच हजारांहून अधिक ओळींचे जे व्याकरण रचले, ते पुन्हा लॅटिनमध्येच, आणि तेही पद्यात! पाठांतराला ते सोयीचे, समजायला मात्र कठीण. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांना राजाज्ञेने लागू झालेल्या, विल्यम लिलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याकरणात प्राथमिक भाग इंग्रजीत आणि पुढचा लॅटिनमध्ये, अशी तडजोड दिसते.

अर्थाआधी शब्द शिकवण्याच्या या रीतीला सतराव्या शतकातील चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने ठाम विरोध केला. न्युरेंबर्ग येथे १६५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सचित्र पुस्तकात चित्रातील वस्तूंना क्रमांक आहेत आणि त्यांची लॅटिन व जर्मन नावे शेजारी शेजारी दिली आहेत. त्याचाही आरंभ शिक्षक आणि मुलगा यांच्या संवादानेच होतो. ‘ये मुला, शहाणे व्हायला शीक,’ असे शिक्षक म्हणतो. आणि तेथे पहिला प्रश्न मुलगा विचारतो : ‘शहाणे होणे म्हणजे काय?’