विचारा की राव : या खेपेला सगळे प्रश्न सुपरहिरोचे

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की सुपरहिरोबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा, आणि मेलबॉक्स तुंबला, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाही, कारण निम्म्या लोकांनी मेल ऑफिसच्या वेळेत केलेत.

प्रश्न : मराठीत एकही धड सुपरहिरो का नाही? मित्र म्हणतात आपल्याला गरजच काय, आपल्याकडे मारुती आहे, शिवाजी महाराज आहेत. मला पटत नाही पण उत्तर देता येत नाही. (राजारामपुरीतला कॉलेजचा विद्यार्थी)

भावा, तुला पटत नाही तेच बरोबर आहे. नुसती ताकद असली की सुपरहिरो झाला असं असतं तर गंगावेस तालमीतला प्रत्येक पैलवान सुपरहिरो असता. मारुती देव आहे, त्याला सोमवारी सकाळी कामावर जायचं नसतं. आणि महाराजांना तर या रांगेत बसवूच नका, ते खरे होते, किल्ले, आरमार, धान्य, शेतसारा सगळ्याचा हिशोब लावून त्यांनी राज्य उभं केलं, त्याला सुपरपॉवर म्हटलं की ती सगळी मेहनत आणि डोकं फुकटात जातं.

माझ्या मते सुपरहिरो म्हणजे दोन आयुष्यं एकाच अंगावर वागवणारा माणूस, एकात तो जिंकतो आणि दुसऱ्यात गप बसून अपमान गिळतो. सुपरमॅन 1938 साली आला तोच असा, आकाशातनं पडलेला बलदंड गडी पण दिवसा चष्मा लावून पेपरात नोकरी करणार आणि सगळे त्याला भित्रा समजणार. आता हे आपल्याकडे कुठं आहे सांगू? विराटपर्वात! भीम बल्लव नावानं विराटाच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकी म्हणून राहिलाय, भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो आणि हा दात खाऊन बसून राहतो, कारण ओळख पटली की परत बारा वर्षं वनवास, आणि एकट्याला नाही, पाची भावांना आणि बायकोला. मग रात्री नृत्यशाळेत अंधारात कीचकाची वाट बघत बसतो आणि त्याचा पार मांसाचा गोळा करून टाकतो, गावभर बोभाटा होतो की सैरंध्रीच्या (म्हणजे वेष पालटलेल्या द्रौपदीच्या) गंधर्वांनी मारलं, आणि बल्लव आपला परत चुलीपुढं हजर. यात काय कमी आहे सांग. सीक्रेट आयडेंटिटी आहे, ती फुटली तर होणारं नुकसान आहे, लोकांनी दिलेलं टोपणनावसुद्धा आहे.

आणि ही गोष्ट पडद्यावर गाजवली कुणी, तर आपल्या कोल्हापूरनं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 चा, सुपरमॅनच्या 18 वर्षं आधीचा. कीचकवधाचा सीन इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. कॅमेरासुद्धा इथंच तयार केलेला. म्हणून कुणी म्हणालं की मराठीला बजेट नाही, व्हीएफएक्स परवडत नाही, म्हणून सुपरहिरो होत नाही, तर मला हसू येतं. 2015 ला 'बाजी' आला होता, श्रेयस तळपदे मुखवटा घालून, म्हणजे प्रयत्न अगदीच झाला नाही असं नाही. पण मला जास्त शिकण्यासारखा वाटतो तो 2021 चा मल्याळम 'मिन्नल मुरली'. गावातला एक टेलर, त्याच्यावर वीज पडते, बस. हिरो टेलर आणि व्हिलन चहाच्या टपरीवर राबणारा, ज्याला गावानं जन्मभर येडा म्हटलं, आणि वीज दोघांवर एकाच रात्री पडलेली. पैशाचा खेळ नाही रे तो, गाव माहीत असण्याचा आहे. आपल्याकडे शिवाजी पेठेतला टेलर कुणी लिहीतच नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, टॉवेल गळ्यात बांधून सोफ्यावरनं उड्या मारतो. ते असू दे. पण तो रोज विचारतो की हे लोक चड्डी पँटच्या वरून का घालतात, काय सांगू? (कळंब्याहून एक आई)

ताई, त्याला सांगा की ती सर्कशीतनं आली. त्या काळी अमेरिकेत सर्कशीतले ताकदीचे खेळ करणारे गडी आणि पैलवान अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि वरनं चड्डी घालायचे, त्यामुळं चित्रात तसा माणूस दिसला की बघणाऱ्याला न सांगता कळायचं की हा गडी दणकट आहे. सुपरमॅन काढणारी दोन पोरं, जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलँडची, विशीतली, त्यांनी तेच उचललं. (पोरांनी त्या सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकून टाकले, पुढं कंपनीनं किती कमावले ते विचारू नका, मला अजून राग येतो.)

आणि उड्यांचं म्हणाल तर तुमचा मुलगा ओरिजिनल सुपरमॅनच करतोय. सुरवातीला त्याला उडता येतच नव्हतं, तो फक्त लांब उडी मारायचा, एक अष्टमांश मैल, म्हणजे अंदाजे 200 मीटर. उडायला तो नंतर लागला. फक्त सोफा भिंतीपास्नं जरा लांब सरकवून ठेवा.

प्रश्न : आमच्या वेळी वेताळ होता. जंगल, कवटीची गुहा, घोडा, कुत्रा. तो कुठं गेला? (शाहूपुरीतले एक आजोबा)

आजोबा, तुमचा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, 1936 चा, म्हणजे सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी थोरला. आपल्याकडे तो 1964 पास्नं इंद्रजाल कॉमिक्समधनं आला, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं, आणि 1990 ला इंद्रजाल बंद पडलं. गंमत म्हणजे त्याला कसलीच पॉवर नव्हती! बाप मेला की पोरगा तोच पोशाख घालणार, चारशे वर्षं हेच चाललेलं, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. घराण्याची गादी चालवणारा सुपरहिरो आहे तो, कोल्हापूरकरांना आवडणारच की. जुने अंक रद्दीवाल्याला देऊ नका, जपणारे लोक शोधत फिरतायत.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवतो. सुपरहिरोच्या म्युझिकमध्ये एवढं ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, का असतं? आणि ब्लॅक सॅबथचं ते गाणं आयर्न मॅनवरच आहे ना? (इचलकरंजी)

दुसऱ्याचं आधी, नाही. ते गाणं 1970 चं, त्यातला माणूस भविष्य बघून परत येताना लोखंडाचा होतो आणि लोकं त्याच्याकडं बघत नाहीत म्हणून सूड घेतो, मार्व्हलच्या हिरोशी त्याचा काही संबंध नाही. पुढं 2008 च्या पिक्चरच्या शेवटी तेच वाजवलं म्हणून सगळ्यांचा घोळ झाला.

ब्रासचं म्हणशील तर 1978 च्या सुपरमॅनला जॉन विल्यम्सनं जे मार्च दिलं तिथनं पुढं बऱ्याच जणांनी तोच रस्ता धरला. ट्रम्पेट म्हणजे राजा आला, फौज आली, हे त्यांच्या कानात शेकडो वर्षं बसलेलं. आपल्या कानात काय बसलंय? डफ, तुणतुणं आणि मागच्या झीलकऱ्यांचं जी जी रं जी. ट्रम्पेट हिरो यायच्या आधी वाजतं, आणि पोवाड्यात शाहीर तुम्हाला थांबवून थांबवून सांगतो, तानाजी निघाला, लग्न टाकून निघाला, आता घोरपड लावली, आणि प्रत्येक ठिकाणी झीलकरी धरून ठेवतात. मराठी सुपरहिरोला कुणी म्युझिक करणार असेल तर ब्रास उसनं आणायच्या आधी जुन्या शाहिरांचं एकदा ऐका एवढंच म्हणणं आहे माझं.

प्रश्न : सगळे पुरुषच का? (पन्हाळ्याची एक वाचक, एका ओळीत)

सगळे नाहीत. 'हंटरवाली' 1935 चा, मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा, त्यात नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, दिवसा राजकन्या आणि तोंडावर मुखवटा चढवला की चाबूक घेऊन घोड्यावर. वंडर वूमन 1941 ची, म्हणजे आपली बाई सहा वर्षं पुढं. हे वाडिया बंधू हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सच्या झोरोवर, म्हणजे त्याच्या मुखवटेवाल्या हिरोवर, फिदा होते, तोच 1920 चा मूक झोरो जो बॅटमन काढणाऱ्यांच्याही डोक्यात होता. आणि मूकपटात भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणून गाजले ते मास्टर विठ्ठल, ज्यांची सुरवात झाली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतच. म्हणजे फिरून परत इथंच.

प्रश्न : भीम आणि सुपरमॅनची कुस्ती लावली तर कोण जिंकेल? (खासबागेजवळचा)

निकाली व्हायची नाही. माती म्हणजे भीमाचं घर, विराटाकडं असतानाच त्यानं जीमूत नावाचा नामी मल्ल भर मैदानात मारला होता, त्यामुळं खाली तो सुपरमॅनला सोडत नाही. पण पाठ टेकायची वेळ आली की दुसरा वर उडणार, खालनं पब्लिक शिट्ट्या मारणार, आणि तासाभरानं पंच कंटाळून बरोबरीत सोडवणार. पैसे लावू नका.