ग्लोव्हज नंतर घ्या, आधी क्लचचा लिव्हर बघा

कराडचं नाव वाचलं आणि हसूच आलं. पुण्याहून सावंतवाडीला निघालं की कराडच्या आसपास डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, आंबोली उतरताना क्लच दाबवत नाही, तर चांगले जेलचे ग्लोव्हज सुचवा, असं तुम्ही विचारलंय. माझाही रस्ता तोच, गाडीही तुमच्यासारखी साडेतीनशे सीसीची सिंगल सिलिंडर, आणि माझाही हात बरोबर कराडलाच जायचा. अकरा महिने हे सोसलंय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

दर तासाभराने थांबा, पाणी प्या, हँडल आवळून धरू नका, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. ते सोडून देतो. तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही: दिवाळीत गाडी पडली होती आणि हँडल बदलून घेतलं. मला वाटतं गोम तिथेच आहे.

माझी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी कार मागे घेताना पाडली. हँडल वाकलं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने (नाव घेत नाही, अजूनही तिथेच जावं लागतं) इन्शुरन्समधून नवीन बसवून दिलं. संध्याकाळची वेळ, वरून पाऊस, मी सही केली आणि घरी आलो. गाडीवर नीट बसून, हात ग्रिपवर ठेवून एकदा बघावं, एवढं सुचलं नाही. माझी सगळ्यात महागडी चूक हीच.

पुढच्याच कोकणवारीत बोटांना मुंग्या. सेंटरला गेलो तर म्हणे, "सर, सिंगल सिलिंडर आहे, व्हायब्रेशन असणारच." अहो, हीच गाडी आधी दोन वर्षं चालवलीय मी! दुसऱ्यांदा गेलो, तेच. तिसऱ्यांदा भांडलो तेव्हा एक पोरगा गाडी घेऊन सिग्नलपर्यंत जाऊन आला आणि जॉबकार्डवर लिहून आलं, "तपासले, दोष नाही." दीडशे किलोमीटरनंतर बधिर होणारा हात सिग्नलपर्यंत जाऊन कसा सापडणार? वर वॉशिंगचे पैसे लावले. ते जाऊ दे.

मग मी तेच केलं जे तुम्ही करायला निघालाय. जेलचे जाड ग्लोव्हज घेतले. ते पुरेना म्हणून ग्रिपवर फोमची कव्हरं चढवली. त्रास वाढला! कारण साधं आहे, पण मला उशिरा कळलं. ग्रिप जाड झाली, त्यात ग्लोव्हही जाड, की मूठ पूर्ण मिटत नाही. पकड सुटेल असं वाटून हात आपोआप जास्त आवळतो, आणि क्लचसाठी बोटं आणखी ताणावी लागतात. मोठा पंजा असलेल्यांना फोमचा फायदा होतो, हे मान्य. माझा हात लहान आहे. तुमचा कसा आहे ते तुम्ही बघा.

डॉक्टरकडेही गेलो. नसांची तपासणी झाली, मनगटापाशी नसेवर थोडा दाब निघाला. काम काय करता म्हणून विचारलं, मी कॉम्प्युटर म्हणालो. मोटरसायकलचा विषयच काढला नाही, कारण घरचे सोबत होते आणि गाडी विकायचा विषय निघाला असता. परिणामी चार महिने मी माउस बदलत बसलो. डॉक्टरांचा यात काही दोष नाही.

उलगडा झाला तो आजऱ्याच्या पुढे. मित्राकडे अगदी हेच मॉडेल. चहाला थांबलो होतो, हात दुखतोय म्हणून सहज गाड्या बदलल्या. वीस किलोमीटर गेलो तरी माझा हात ठणठणीत. तेवढ्यात तो मागून हॉर्न मारत आला, गाडी बाजूला घेतली आणि विचारतो, "तुझा क्लच आभाळाकडे का बघतोय रे?"

दोन्ही गाड्या शेजारी लावल्या तेव्हा दिसलं. त्याचा लिव्हर खाली झुकलेला, माझा जवळजवळ जमिनीला समांतर. नवीन हँडल टाकताना दिसायला सरळ म्हणून तसाच कसला होता. आणि क्लचला फ्री प्ले (केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल) म्हणून काही ठेवलाच नव्हता, त्यामुळे क्लच लिव्हरच्या अगदी बाहेरच्या टप्प्यात पकडायचा, बोटं पूर्ण लांब केल्याशिवाय काम होत नसे. त्याच्या टूलकिटमधला पाना काढला, क्लॅम्पचे दोन बोल्ट सैल केले, लिव्हर बोटभर खाली फिरवला, केबलचा अ‍ॅडजस्टर थोडा आत घेतला. चहाचे ग्लास परत द्यायला लागतो तेवढा वेळ. आंबोली दोन बोटांनी क्लच दाबत उतरलो.

हे असं का होतं? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू, यांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. मनगट मागे वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. लिव्हर वर असला की बोटं त्यावर ठेवण्यासाठी मनगट मागे वाकवावंच लागतं, आणि तसंच तासन् तास राहतं. व्हायब्रेशन त्यात भर घालतं, पण मूळ ते नव्हे. करंगळी बधिर होत असेल तर मामला वेगळा. ती नस तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते आणि हँडलवर अंगाचा भार टाकल्याने दबते. तिथे लिव्हर फिरवून फार उपयोग नाही, गुडघ्यांनी टाकी धरून पाठ-पोटावर भार घ्यायला शिकावं लागतं.

आता तुम्ही करायचं ते. गाडी कुणाला तरी सरळ धरायला सांगा. नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात ग्रिपवर टाका आणि बोटं सरळ करा. लिव्हर बोटांच्या खालीच यायला हवा, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ. बोटं वर उचलावी लागली तर लिव्हर खाली घ्या. (उभं राहून कच्च्या रस्त्यावर चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा, ते मला शिकवायला येतील, त्यांनी माफ करावं.) क्लचचा फ्री प्ले बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमीच्या आसपास सांगतात, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा, माझा नको. केबल कोरडी असेल तर तेल सोडा, आतले तार तुटलेले दिसले तर सरळ बदला. पुढच्या ब्रेकचा लिव्हरही तपासा, फक्त तो फिरवल्यावर ऑइलचा डबा फार तिरका होऊ देऊ नका आणि बोल्ट नीट कसा. ब्रेकची खात्री नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. मी मेकॅनिक नाही.

हँडल बदलल्यावर त्याच्या दोन्ही टोकांची वजनं परत बसवलीत का तेही बघा. माझी एक बाजू बसवलीच नव्हती. त्यांनी झिणझिण खरंच कमी होते.

हँडल रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावा असं कुणीतरी सांगितलंय. लावा, पण घाईने नको. हँडल जितकं वर जाईल तितक्या केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, तसं घाटात जाऊ नका.

उजव्या हाताबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना मनगट सरळ ठेवून मूठ धरली, तर ८० च्या वेगाला पिळून मनगट खाली कोसळलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच मनगट किंचित वर ठेवून पकडा, आणि दांडा धरल्यासारखं नाही तर दाराची गोल मूठ धरल्यासारखं, थोडं तिरकं. ग्रिपवर अडकवायची ती प्लॅस्टिकची पट्टी मिळते, तळहात टेकवून अ‍ॅक्सिलरेटर धरायची. हायवेला सुख आहे. पण शहरात आणि घाटात मी काढून ठेवतो. एकदा ब्रेक मारताना तळहात पट्टीवरच राहिला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे. बाकी तुमची मर्जी.

पावसाळ्यात जाणार असाल तर ग्लोव्हजच्या आत मेडिकलमध्ये मिळणारे पातळ रबरी हातमोजे घाला. आंबोलीच्या गारठ्यात ओला हात आखडला की पकड दुप्पट आवळते. अंगठी काढा, घड्याळाचा पट्टा सैल करा.

आणि एक गंभीर गोष्ट. रात्री झोपेतून मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप निसटत असेल, किंवा गाडी न चालवताही बधिरपणा टिकत असेल, तर लिव्हर-बिव्हर बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. मधुमेह आणि थायरॉईडमध्ये हा त्रास जास्त होतो, तेही तपासून घ्या. आणि मोटरसायकल चालवता हे त्यांना सांगा, घरचे सोबत असले तरी.

तोवर एक करा. गाडीवर बसून हात ग्रिपवर, बोटं सरळ, असा बाजूने फोटो काढा आणि इथे टाका. चेहरा नको, कोपर आणि लिव्हर दिसले पाहिजेत. ग्लोव्हजचं त्यानंतर बोलू.