पिणारा दिसतो, पाजणारा कुठे आहे?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दारू पिऊन मोहाच्या झाडाखाली पडलेल्या त्या माणसाचा चेहरा झाकून छायाचित्र स्पर्धेला पाठवले तर चालेल का, असे तू विचारतोस. चेहरा झाकावा, हे तुलाही कळते. त्यासाठी मला पत्र लिहिण्याची गरज नव्हती. मला खटकले ते निराळेच. तुझ्या चौकटीत पिणारा आहे, पाजणारा नाही.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराचे १७५१ मधले ‘जिन लेन’ हे कोरीव चित्र पुन्हा बघ. तपकिरीची चिमूट घेणारी आणि हातून मूल निसटलेली ती बाई सर्वांच्या लक्षात राहते. परंतु होगार्थने त्याच गल्लीत दारू गाळणाऱ्याचे दुकान आणि गहाणवट घेणाऱ्याचे दार नावांच्या पाट्यांसकट कोरले आहे, आणि सारी वस्ती ढासळत असताना बरकत आहे ती त्यांनाच. फ्रेंच चित्रकार देगाचे १८७५-७६ मधले ‘अ‍ॅब्सिंथ’ (हे एका कडक दारूचे नाव) कला म्हणून कितीतरी सरस आहे, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी बसलेली एलेन आंद्रे ही अभिनेत्री होती आणि मार्सेलँ देबुताँ चित्रकार. तरीही लोकांनी त्यांनाच वाया गेलेले ठरवले. पेला भरणाऱ्याबद्दल कुणी विचारले नाही, कारण तो चित्रातच नव्हता.

आपल्याकडेही हेच झाले. जहांगीरने १६१८ मध्ये अफू आणि दारूने हाडांचा सापळा झालेल्या आपल्या दरबारी इनायत खानाचे चित्र काढवून घेतले. बादशहा स्वतः अफू घेत असे. चित्रात मात्र एकटा इनायत खान आहे. पुढे १८५० च्या सुमारास वॉल्टर शेरविल या इंग्रज अधिकाऱ्याने चीनला जाणारी अफू बनवणारा पाटण्याचा सरकारी कारखाना चित्रित केला, त्यात मांडण्यांवर उंचच उंच रचलेले अफूचे गोळे आणि कमालीची शिस्त दिसते. चीनमधले अफूबाज मात्र पुष्कळदा स्टुडिओत पलंग मांडून आणि हाती नळी देऊन टिपले गेले, आणि ती छायाचित्रे परदेशी गिऱ्हाइकांना विकली गेली. माल बनवणारा कारखाना आणि तो ओढणारा माणूस एका चौकटीत कधी आले नाहीत. पाजणारा नेहमी असा सुटतो.

एका वर्तमानपत्राने माझ्या छायाचित्रातली हातभट्टीची बाजू कापून मागितली होती. मी दिली नाही. त्यांचे काम थांबले आणि पुढे लग्नांचे अल्बम करण्यात माझे वय गेले. त्याची खंत आहे, नाही असे नाही. पण आज मागितले तरी देणार नाही. याला तू म्हाताऱ्याचा हेका म्हण हवा तर.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मग तुझ्या माणसाच्या पोटातली दारू आली कुठून? विक्रेत्याचे तोंड टिपायला मात्र जाऊ नकोस. ते लोक मारायला कमी करत नाहीत. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली फुले, नाल्याकाठी कुठे पुरतात, हे तुला ठाऊक आहे. बचत गटाच्या बाया तो नष्ट करायला निघतील, तेव्हा त्यांना विचारून त्यांच्यासोबत जा. त्या पडलेल्या माणसालाही, शुद्धीवर असताना, विचार. स्पर्धेची तारीख टळली तर टळू दे.

नवी छायाचित्रे झाली की पाठव, आणि कडा न कापता पाठव.

तुझा,
काका